मिलचा हिशेब आणि उधारीची वही



कार्यक्रमपत्रिका छापायला टाकण्याआधी संयोजकांचा मला फोन आला. आजच्या व्याख्यानाचे नाव त्यांनी 'मिल बंद पडली तेव्हा' असे ठरवले होते. मी म्हणालो, बाकी सगळे तसेच ठेवा, फक्त 'पडली' तेवढे काढा. मग त्यांनी नावच बदलले. त्या एका शब्दासाठी मी का अडून बसलो, ते आधी सांगतो.

पाऊस पडतो, भाव पडतो, भिंत पडते, माणूस आजारी पडतो. या सगळ्या वाक्यांना कर्ता आहे, पण करणारा कोणी नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात दोन पिढ्या 'मिल बंद पडली' असेच म्हणत आल्या. विहीर आटली म्हणतात त्याच सुरात म्हणत आल्या. कागद चाळले की मात्र करणारे दिसू लागतात. विजेचे बिल कोणीतरी थकवलेले असते. यंत्रे बदलण्यासाठी घेतलेले कर्ज दुसरीकडे वळवायचे कोणीतरी ठरवलेले असते. एखादी फाइल कोणीतरी वर्षभर टेबलावर ठेवलेली असते आणि शेवटी एका कागदावर कोणाची तरी सही असते. आपण 'पडली' म्हटले की ही सगळी माणसे वाक्यातून बाहेर जातात, आणि उरतात फक्त ज्यांच्यावर ती पडली ते.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शिकवणीची वेळ घड्याळावर ठरवत नसत, पाळीवर ठरवत. ज्याचा बाप रात्रपाळीला, त्या पोराला सकाळी घरात अभ्यास करता येत नाही, कारण बाप झोपलेला असतो आणि घर एका खोलीचे असते, हे त्यांना ठाऊक होते. अशी पोरे ते सकाळी शाळेच्या ओट्यावर बसवत. मी त्या ओट्यावर बसलेला आहे.

माझे वडील याच जिल्ह्यातल्या एका मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होते. त्या मिलचे आणि गावाचे नाव मी आज घेणार नाही. घरातल्या आठवणीच्या आधारावर कोणाला नाव घेऊन दोषी ठरवू नये असे मला वाटते. जिथे नावे घेईन, तिथे सर्वांना माहीत असलेला इतिहास असेल.

आणखी एक गोष्ट, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसाठी. मी 'गिरणी' म्हणणार नाही. तिकडे कापडाची ती गिरणी आणि पिठाचीही गिरणीच. आमच्याकडे पिठाची ती चक्की आणि कापडाची ती मिल. 'मिलमध्ये आहे' एवढे म्हटले की सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्याला दुसरे काही विचारावे लागत नसे.

आता थोडे मागे जाऊ. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या मिलमालकांची नजर वऱ्हाड आणि वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळली. त्या गडबडीतच 1862 साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसले ते 1866 साली, आणि 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. हिंगणघाट हे तेव्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी नुसते गावाचे नाव नव्हते, कापसाच्या जातीचे नाव होते. वणा नदीच्या काठचे आपल्या जिल्ह्यातले हे गाव तिकडे गाठींवरून ओळखले जाई.

त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापूस आयुक्त होता. त्याच्या अहवालांत एक हिशेब मांडलेला आहे, तो आजच्या विषयाशी फार जवळचा आहे. रेल्वे आली की विलायती कापड इथे स्वस्तात येईल, इथले विणकर आणि सूत कातणारे त्यापुढे टिकणार नाहीत, म्हणजे इथे सुतात जाणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि रिकामे झालेले हात शेतमजुरीला मिळतील. कोष्ट्याचा माग थांबणे हे त्याच्या लेखी नुकसान नव्हते, जमेची बाजू होती. त्या मागाबरोबर गावातला रंगारी गेला, पिंजारी गेला, घरोघरची चरखा फिरवणारी बाई गेली. त्यांची नोंद कुठल्या खात्यात झाली? कुठेच नाही.

मग आपल्याच माणसांनी इथे मिल उभ्या केल्या. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, कारण कापूस इथे, रेल्वे इथे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतरच्या काही दशकांत हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद आणि रेखचंद मोहता या घराण्यांच्या मिल आल्या, पुलगावला कॉटन मिल आली. ज्या शिवारात कापूस वेचला, त्याच्या दहा-वीस कोसांत त्याचे कापड होऊ लागले. एक क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. त्या रुईची किंमत सूत होताना वाढते, कापड होताना आणखी वाढते. ही वाढ शंभर वर्षे या जिल्ह्यात मुरत राहिली. मिल म्हणजे काय, याचे माझ्या मते हेच खरे उत्तर आहे. मालाचा चढता भाव जिथे गावातल्या पगारात उतरतो, ती जागा.

त्या जागेत काम करणे सोपे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत वाफारा. वडील घरी आले की त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर रुईची लव असे. रिंग खात्याच्या आवाजाने त्यांचे कान लवकर गेले. घरात साधे पाणी मागायचे तरी ते ओरडून मागत, आणि नवीन माणसाला वाटे की हे रागावले आहेत. तुटलेली तार जोडणे हे त्यांचे काम. चालत्या चातीवर दोन बोटांनी क्षणात जोडायची, गाठ दिसता कामा नये. म्हातारपणी ते ओसरीत बसलेले असताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहायची. हातात काही नसायचे.

भोंगा सकाळी सातला, दुपारी साडेतीनला आणि रात्री बाराला. पहिल्या भोंग्याआधी अर्धा तास एक इशाऱ्याचा. त्यावर मजूर उठे हे तर झालेच. पण शाळेचा शिपाई त्यावर घंटा मारी. खानावळीची मावशी त्यावर पोळ्यांची कणीक भिजवी. चार कोसांवरच्या शेतातला गडी वाऱ्याची दिशा बरी असेल तर तो ऐकून बैल सोडी. मिलच्या बॉयलरचे गरम पाणी नालीतून बाहेर येई, हिवाळ्यात बाया तिथे धुणी धूत. मिलचे वेस्ट भरून गावातल्या गोधड्या शिवल्या जात. सायकलवाला, न्हावी, शिंपी, चहाची टपरी, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर लुगडी आणि ॲल्युमिनियमची भांडी मांडून बसणारे फिरते विक्रेते, यांतल्या एकाचेही नाव हजेरीपटावर नव्हते, आणि सगळे मिलवर होते.

मिल एका दिवशी बंद होत नाही. हे बाहेरच्या माणसाला समजावणे फार कठीण जाते, कारण त्याला तारीख हवी असते. आधी बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगारांना फाटकावरून परत पाठवणे सुरू होते. मग रात्रपाळी जाते. मग एका खात्याची यंत्रे 'दुरुस्तीला' म्हणून खोलली जातात आणि पुन्हा जोडली जात नाहीत. पगार दहा तारखेचा पंचवीस तारखेला होतो, मग दोन हप्त्यांत. ले-ऑफ लागतो, म्हणजे हजेरी लावायची, काम नाही, अर्धा पगार. मग एक दिवस वीज तुटते आणि नोटीस बोर्डावर 'पुढील सूचनेपर्यंत' असे लिहिलेला कागद लागतो. ती पुढील सूचना कधीच येत नाही. आमच्याकडे बाया पुढेही सकाळचा डबा करत राहिल्या. वडील तो घेऊन फाटकापर्यंत जात, तिथे लिंबाखाली बसत आणि साडेतीनला परत येत. एकदा आईने विचारले, कशाला जाता? ते म्हणाले, "न जाऊन कसं होईल? उद्या चालू झाली अन् मी घरी सापडलो तं?"

आता मी ज्या वस्तूसाठी आज इथे उभा आहे तिच्याकडे येतो. ही लाल कापडी बांधणीची लांबट वही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका किराणा दुकानाची उधारीची वही. दुकान आता नाही. दुकानदाराच्या मुलाने घर विकताना ही मला दिली, म्हणाला, "काका, रद्दीत द्याले मन होत नाही."

एका मोहल्ल्यात एकाच नावाची चार-चार माणसे असतात. म्हणून दुकानदार नावापुढे ओळख लिहीत असे. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर ती ओळख अशी आहे: 'रिंग, दुसरी पाळी'. 'साचा खाता, मोठ्या मारुतीजवळ'. 'वाइंडिंग, विधवा'. 'कांजी खाता'. 'बदली'. साचा खाता म्हणजे मागांचे खाते, कांजी खाता म्हणजे सुताला खळ देण्याचे. गावातल्या माणसाची ओळख त्याच्या खात्यावरून आणि पाळीवरून. प्रत्येकाच्या पानावर महिन्याच्या दहा-अकरा तारखेला एक आडवी रेघ आणि 'जमा'. रेघा इतक्या सरळ, की वहीवर पट्टी ठेवल्यासारखी वाटते. माल कोणता, तर फल्ली म्हणजे शेंगदाण्याचे तेल दोन किलो, तूर डाळ तीन किलो, साखर पाच किलो, चहापत्ती, अंगाचा साबण दोन, कपड्यांचा साबण चार. दिवाळीच्या महिन्यात बोनसनंतर एक पान भरून रवा, मैदा, खोबरे.

मग रेघा वाकड्या होतात. आधी तारीख सरकते. मग 'जमा'च्या पुढे 'पैकी' हा शब्द येतो. फल्ली तेलाच्या जागी सोयाबीन तेल येते, दोन किलोचे एक किलो, मग अर्धा, मग किलोत मोजणेच थांबते आणि 'तेल 5 रु.' अशी नोंद सुरू होते. तुरीच्या जागी लाखोळी डाळ येते. अंगाचा साबण जातो, कपड्यांचा एक राहतो. मी ही पाने रात्री दिव्याखाली बसून उतरवून काढली तेव्हा एका जागी माझा हात थांबला. आमचेच पान होते. साखर पाच किलोवरून दीड किलोवर आली होती, आणि मला आठवले की आईने त्या वर्षी अचानक आम्हाला सांगितले होते, जास्त चहाने पोरांचा रंग काळा पडतो.

पण माझ्याशी सर्वांत जास्त बोलली ती नावापुढची ओळख. दुकानदाराने जुनी ओळख खोडली आणि वर नवी लिहिली. 'रिंग' खोडून 'हमाल, मार्केट यार्ड'. 'साचा खाता' खोडून 'रिक्षा'. 'कांजी खाता' खोडून 'चौकीदार', आणि पुढच्या वर्षी तेही खोडून 'मुलगा पुण्याला'. 'वाइंडिंग, विधवा' यातले 'वाइंडिंग' खोडले आहे, वर काहीच लिहिलेले नाही. एका ओळीवर तीन वेळा खाडाखोड आहे आणि शेवटी लिहिले आहे, 'घर बंद'. जे कुशल होते ते आधी गेले. इचलकरंजी, भिवंडी, सुरत, जिथे यंत्रमाग आहेत तिथे. बायकोपोरे मागे ठेवून गेले. चाळीस-पंचेचाळीसच्या वरचे इथेच राहिले, कारण तिकडे त्या वयाचा माणूस कोणी घेत नाही.

वहीच्या शेवटच्या भागात दुकानदाराची स्वतःची देणी आहेत. ठोक व्यापाऱ्याचे इतके, तेलाच्या डब्यांचे इतके, पतसंस्थेचे इतके. गिऱ्हाइकांच्या पानांवरच्या न वसूल झालेल्या रकमा त्याने एका कागदावर बेरीज करून तो कागद टाचणीने लावला आहे. त्या बेरजेखाली रेघ नाही.

हे कायद्याच्या भाषेत कुठे बसते, ते मी शोधायचा प्रयत्न केला. औद्योगिक विवाद कायदा 1947 चा. त्यात 1976 साली एक प्रकरण घातले गेले, त्यानुसार मोठा कारखाना बंद करायचा तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. सुरुवातीला ही अट 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होती, पुढे 100 वर आली, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा 300 वर नेली. परवानगी मिळून कारखाना बंद झाला तर कामगाराला प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई. ग्रॅच्युइटी वेगळी, तीही वर्षाला पंधरा दिवसांची. पण परवानगी मागायचीच कशाला? वीज तुटू दिली, कच्चा माल आणला नाही, की कारखाना कागदोपत्री चालू राहतो आणि भरपाईचा प्रश्नच निघत नाही. अनेक गावांत हेच झाले. कामगार वर्षानुवर्षे नोकरीत होता आणि त्याला पगार नव्हता.

कंपनी अवसायनात निघाली तर पैसे वाटण्याची रांग ठरलेली असते. 1985 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांची देणी बँकांच्या तारणी कर्जाच्या बरोबरीने उभी राहिली. ही फार मोठी गोष्ट होती आणि ती कामगार चळवळीने मिळवली. 2016 च्या दिवाळखोरी संहितेनेही ती बरोबरी ठेवली, मात्र मागच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांपुरती. ज्या मिलचे दुखणे पंधरा वर्षे चालले, तिथे चोवीस महिने म्हणजे किती, ते तुम्हीच पाहा. पेन्शनचे म्हणाल तर 1995 च्या योजनेत किमान पेन्शन महिना 1,000 रुपये आहे, तेही सप्टेंबर 2014 पासून.

या रांगेत बँक आहे, सरकारचे कर आहेत, माल पुरवणारा व्यापारी आहे, कामगार आहे. आमचा किराणावाला नाही. तो मिलचा धनको नाही, मिलच्या धनकोचा धनको आहे. मिलने मजुराला पगार दिला नाही आणि त्या काळात मजुराला जगवले या माणसाने. खरे तर मिलचा पगारखर्च काही वर्षे त्याने उचलला. त्याचे नाव कुठल्याही अवसायकाच्या यादीत येत नाही. खानावळीच्या मावशीचे येत नाही. कायद्याचा हिशेब फाटकापाशी संपतो.

शेतीचेही तसेच आहे, आणि तिथे मला थोडे थांबायचे आहे. आमच्याकडचा मिल मजूर पूर्ण शहरी कधीच नव्हता. गावी दोन-तीन एकर असत, भाऊ किंवा म्हातारा बाप ती पाही. मृग जवळ आला की बियाण्याचा आणि खताचा पैसा मिलच्या पगारातून गावी जाई. कोरडवाहू कापसाचे एक वर्ष बुडाले तरी दुसऱ्या वर्षाची पेरणी पगार करून देई. हा विमा होता, आणि त्याला कोणी विमा म्हटले नाही. मिल गेल्यावर तोच पैसा कृषी केंद्राच्या उधारीतून आणि सावकाराकडून येऊ लागला. 2006 साली पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात वर्धा जिल्हा होता. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे बदल होता. शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला येणारी एक रोख रक्कम मधल्या काळात बंद झाली होती, याची दखल मला त्या चर्चेत दिसली नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांना अनेक कारणे आहेत आणि मी ती एका मिलवर ढकलणार नाही. पण कापूस पिकवणारा भाऊ आणि कापूस कातणारा भाऊ एकाच चुलीवर जेवत होते. अभ्यासकांनी त्यांना शेती आणि उद्योग अशा दोन वेगळ्या खोल्यांत बसवले, म्हणून हे दिसले नाही.

बायकांचे काम तर या सगळ्याच्याही आधी गेले. रीलिंग आणि वाइंडिंग या खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. यंत्रे बदलली, रात्रपाळीचे नियम आले, आणि बायकांची जागा कमी होत गेली, तीही मिल जोरात चालू असताना. त्यांच्यासाठी मिल आमच्या वडिलांच्या वीस वर्षे आधी बंद झाली होती. तेव्हा कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही.

1982 च्या मुंबईच्या गिरणी संपावर मात्र पुष्कळ लिहिले गेले. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक आले, सिनेमे आले, अभ्यास झाले. ते व्हायलाच हवे होते. तिथल्या कामगारांना गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांत वाटा मिळावा म्हणून लढा झाला, आणि अपुरी का होईना, घरांची सोडत निघते. ती योजना मुंबईच्या गिरण्यांपुरती आहे, कारण तिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे. आपल्याकडची उदाहरणे घ्या. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद मिल 1974 च्या राष्ट्रीयीकरणात केंद्राच्या महामंडळाकडे गेली. देशभरच्या 103 मिल त्या कायद्याने सरकारच्या झाल्या. नागपूरची एम्प्रेस 1986 साली राज्याच्या महामंडळाकडे गेली आणि 2002 साली बंद झाली. आज तिच्या जागेवर मॉल आहे आणि त्याच्या पाटीवर 'एम्प्रेस' हा शब्द आहे. सरकार मालक झाले तेव्हा आमच्या लोकांनी गुलाल उधळला होता. मालक बदलला, पण यंत्रे पुरेशी बदलली नाहीत.

मला नेहमी विचारतात, मग काय त्या जुनाट मिल कायम चालू ठेवायच्या होत्या? नाही. यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आमच्या मिलच्या साच्यांना साठ-सत्तर वर्षे झाली होती, आणि मिलमध्ये खोगीरभरतीही होती, हे वडीलच सांगत. काही मिल बंद व्हायच्याच होत्या. हिंगणघाट परिसरात आज नवी सूतकताई यंत्रे चालतात, चांगली चालतात. ती थोड्या हातांवर चालतात, एवढेच. माझे म्हणणे बंद करण्याच्या रीतीबद्दल आहे. जे पंधरा वर्षे चोरून केले, ते दोन वर्षांत उघडपणे करता आले असते. तारीख सांगता आली असती. चाळिशीच्या माणसाला दुसरे काम शिकायला वेळ मिळाला असता, पोरांच्या शाळेचा निर्णय घेता आला असता, किराणावाल्याला आपले दुकान किती दिवस उधारीवर चालेल याचा अंदाज आला असता. वडिलांची सहा वर्षे लिंबाखाली गेली. त्यांना कोणी 'आता ही उघडणार नाही' एवढे वाक्य तोंडावर सांगितले असते, तर ती सहा वर्षे त्यांची झाली असती.

आणि हे सगळे कुठे घडले? ज्या जिल्ह्यात यंत्र आणि माणूस यांच्या हिशेबाचा देशात सर्वांत खोल विचार झाला, त्या जिल्ह्यात. 1934 च्या डिसेंबरात इथे मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे बसून जो प्रश्न विचारत होते, तो मी माझ्या शब्दांत सांगतो: मिलचे कापड स्वस्त म्हणता, तर त्या स्वस्ताईत कोणाकोणाचा खर्च धरलेला नाही? मिल मजुराचा मुलगा म्हणून तरुणपणी मला हा प्रश्न आमच्या विरोधातला वाटे. आमच्या घरात खादी म्हणजे मोठ्या लोकांचे कापड. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयासमोरून सायकलने जाताना मी कधी आत गेलो नाही. वही हातात आली तेव्हा कळले की तो प्रश्न दोन्हीकडे लागू आहे. मिल आली तेव्हा चरख्यावरची बाई हिशेबाबाहेर राहिली. मिल गेली तेव्हा तिचीच नात, वाइंडिंगमधली ती विधवा, हिशेबाबाहेर राहिली. रिव्हेट-कार्नॅकच्या अहवालात आणि अवसायकाच्या यादीत दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि न लिहिलेले नाव एकाच घरातले आहे.

म्हणून मी संयोजकांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. ही वही आजपासून या वाचनालयात राहील. वहीतली बरीच माणसे हयात आहेत, त्यांची मुले-सुना याच गावांत आहेत, आणि उधारी ही कोणाच्या घरातली झाकली गोष्ट असते. तेव्हा प्रत्येक नावावर मी कागदाची पट्टी चिकटवली आहे. खाते, पाळी, माल आणि आकडे उघडे ठेवले आहेत. आमच्या पानावर पट्टी लावलेली नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी वही असेल, पगाराची पाकिटे असतील, खानावळीची कार्डे, पतसंस्थेची पासबुके, मिलचा पितळी बिल्ला, काहीही असेल, तर ते फेकू नका, इथे आणून द्या. हिंगणघाटचे असो, पुलगावचे असो. नावे झाकायचे काम मी स्वतः बसून करून देईन. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते. सोमवारी बंद.